मदत हवी आहे: पीसीएल नळीतून सळई काढताना आतला थर फाटतो

नमस्कार मंडळी. रॅटच्या सायटिक (मागच्या पायाच्या) मज्जातंतूतली १० मिमीची फट सांधायला पीसीएलची (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विघटन होणारं प्लास्टिक) १४ मिमी लांब, आतून १.५ मिमी व्यासाची नळी सळईवर करतोय. तंतूची टोकं दोन्हीकडून २-२ मिमी आत सरकवून १०-० नायलॉनचे टाके घालायचे.

आतले धागे नळीच्या लांबीतच हवेत, कारण श्वान (Schwann) पेशी, म्हणजे मज्जातंतूतल्या आधार देणाऱ्या पेशी, आणि ॲक्सॉन (चेतापेशींचे लांब तंतू) त्यांच्याच आधाराने पुढे सरकतात. बारीक सळईवर थेट इलेक्ट्रोस्पिनिंग (उच्च विद्युतदाबाने द्रावणातून अतिसूक्ष्म धागे ओढणं) करून हे होत नाही. २००० आरपीएमला तिच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला जेमतेम १६ सेंमी, आणि धागे ओळीत आलेच तरी आडवे गुंडाळले जाणार. म्हणून १० सेंमी व्यासाच्या ड्रमवर, त्याच आरपीएमला, सरळ धाग्यांचा पापुद्रा काढतो, सळईवर गुंडाळतो आणि वर आडव्यातिडव्या धाग्यांचा थर चढवतो. द्रावण १२ टक्के पीसीएल, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ३:१. १५ केव्ही, अंतर १५ सेंमी, तासाला १ मिली.

सळई ओढली की पापुद्र्याची आतली कड तिच्यासोबत येते आणि नळीच्या तोंडाशी गोळा होते. ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवलं तर सळई सुटते, पण पापुद्र्याच्या कडेचा जोड उघडून तिची झालर आत लोंबते. अशी नळी प्राण्यात घालणं मला पटत नाही. झालर ॲक्सॉनची वाटच अडवेल.

सळईवर आधी पीईओचा (पॉलिइथिलीन ऑक्साइड) पाण्यात विरघळणारा थर कोणी दिलाय का? जाडी किती ठेवली, आणि तो पूर्ण धुतला गेला हे कसं तपासलं? जोड कशाने चिकटवावा? क्लोरोफॉर्मच्या वाफेने धागे सपाट होतात, आणि उष्णता द्यावी तर पीसीएल ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं. टेफ्लॉनची सळई वापरणाऱ्यांनीही जरूर लिहा.