गाडी घेताना बीएचपी किती बघावी? अनुभव सांगा

मंडळी, घरात नवीन गाडीचं चाललंय. शोरूमवाले नुसते बीएचपीचे, म्हणजे इंजिनच्या ताकदीचे, आकडे सांगतात. इथं इंदूरला राजवाड्याच्या ट्रॅफिकमधे आणि ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात ते किती कामाला येतात, ते चालवणाऱ्यांनी लिहा.

रामबागवाली: आमची अल्टो ८००, ४७ बीएचपी. गावात एक नंबर, सराफ्यात कुठंही घुसते. पण घाटात चौघं बसलो की दुसरा गियर, एसी बंद आणि मागे ट्रकवाला हॉर्न वाजवतोय.

महूकर: बीएचपी सोडा, टॉर्क बघा, म्हणजे चाक फिरवणारा जोर, तो एनएममधे मोजतात. आमच्याकडे स्विफ्ट डिझेल होती, घरात भावाची पेट्रोल स्विफ्ट. कागदावर पेट्रोल ८३ पीएसची (बीएचपीच्या जवळचंच माप) आणि डिझेल ७५ चीच, पण डिझेलला १९० एनएम टॉर्क २००० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाचे फेरे) मिळायचा, पेट्रोलला ११३, तोही ४२०० ला. म्हणजे चढावर भाऊ गियर पाडून इंजिन ओरडवत यायचा आणि मी तिसऱ्यावर गप्पा मारत. २०२० मधे मारुतीनं डिझेल बंदच केलं, काय करणार.

सुदामानगरवाला: मग टर्बो पेट्रोल घ्या की, टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. माझी नेक्सॉन, १२० पीएस, १७० एनएम. हायवेला मजा येते, पण सिग्नलवरून निघताना टर्बो जागा होईपर्यंत बाजूची ई-रिक्षा पुढे जाते, आणि पाय जड असेल तर मायलेजचं विचारू नका. बाकी इंजिन ११९९ सीसीचंच का, तर चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीला १२०० सीसीपर्यंतच कमी टॅक्स, सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, त्याच्या वर थेट ४०.

देवास अप-डाउन: वॅगनआर सीएनजी. पेट्रोलवर ६७ पीएस, गॅसवर ५७, कारण गॅस हवेचीच जागा खातो. रोजच्या सरळ रस्त्याला फरक जाणवत नाही, खिशाला मात्र जाणवतो 😄 ओव्हरटेकच्या आधी बटण दाबून पेट्रोलवर आणायची, आणि सामान ठेवायला डिकी नाही हे बायकोला आधीच सांगून ठेवायचं.

लोकमान्यनगर: महिन्यातून एकदा घाट असेल तर त्यासाठी दोन लाख जास्त घालू नका, अल्टोवाल्या ताई पण पोचतातच ना वर.

रामबागवाली: पोचतो हो, दर्शनाची रांग तिथंच असते.

सगळ्यांना धन्यवाद. म्हणजे टेस्ट ड्राइव्ह एकट्यानं काय कामाची? शनिवारी आई, बायको, दोन्ही मुलं, सगळ्यांना घेऊन जातोय आणि एसी फुल. सेल्समनला जागा उरली तर बघू.