चर्चा: नवी दुर्बीण आधी, की रेणूंच्या रेषा आधी?

राजवाडाकर (इंदूर): बाह्यग्रहांच्या (म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या) हवेबद्दल जे दावे होतात, त्यांत लंगडी बाजू दुर्बिणीची नाही, रेणूंच्या माहितीची आहे. ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या हवेतून येताना पाणी, मिथेन आपापल्या तरंगलांबींवर तो गिळतात, आणि वर्णपटात तिथे रेषा उमटतात. त्या रेषा आधी ठाऊक नसतील तर ओळखणार काय? हिट्रान हा अशा रेषांचा जुना संग्रह पृथ्वीच्या हवेसाठी रचलेला, २९६ केल्व्हिनला (साधारण २३ अंश सेल्सिअसला) धरून. तप्त ग्रह हजार केल्व्हिनच्या वर असतात, तिथे एरवी न दिसणाऱ्या रेषाही उमटतात. तप्त ग्रहांसाठी केलेल्या एक्सोमोल या संग्रहात मिथेनच्या एका यादीत ३४ अब्ज रेषा आहेत! रेषेची रुंदीसुद्धा शेजारच्या वायूवर ठरते; आपल्याकडची मोजमापं बहुतेक हवेतली, तिथे मात्र हायड्रोजन आणि हीलियम. पैसा आणि हुशार मुलं आधी या रेषांच्या कामाला लागावीत. आपल्या इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रात इंडस-१ हा सिंक्रोट्रॉन (तीव्र प्रकाश देणारं यंत्र) आहेच की.

रसायनवाली: काका, नाही पटलं. २०२२ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने वास्प-३९बी या तप्त ग्रहावर ४.३ मायक्रॉन तरंगलांबीजवळ कार्बन डायऑक्साइड स्वच्छ पकडला. त्याच वर्णपटात ४.०५ जवळ एक अनपेक्षित उंचवटा होता, तो सल्फर डायऑक्साइडचा निघाला. निरीक्षण झालं नसतं तर तो तिथे शोधायचं कुणाला सुचलं असतं?

राजवाडाकर: अहो ताई, त्याच्या तप्त रेषांची यादी आधीच तयार होती, म्हणून तर नाव देता आलं!

तुकोगंज: के२-१८बी या ग्रहाचं काय? २०२५ मध्ये तिथे डायमिथाइल सल्फाइड (जीवसृष्टीची संभाव्य खूण मानला जाणारा रेणू) असल्याचा दावा तीन सिग्मावर, म्हणजे पक्क्या शोधाला अपुऱ्या खात्रीवर, आला आणि इतर गटांनी तीच निरीक्षणं तपासून तो खिळखिळा केला. तिथे अडचण मोजमापातल्या गोंगाटाची आहे. संदेश क्षीण असेल तर यादी कितीही मोठी करा, उपयोग शून्य. दुर्बिणीचा वेळच वाढवायला हवा.

राजवाडाकर: गोंगाट आहे, मान्य. पण तो रेणू किती प्रकाश शोषतो याचे आकडे कुठले? खोलीच्या तापमानाला, नायट्रोजनमध्ये, पृथ्वीच्या दाबाखाली मोजलेले. ग्रहाची हवा हायड्रोजनची. वेळ वाढवून ही तफावत जाणार नाही.

रसायनवाली: एवढं मी मानते. पण इंडस-१चा जोर अतिनील प्रकाशावर आहे, काका, आणि वेबचं काम अवरक्तात. तप्त पाण्याच्या यादीसाठी क्वांटम गणित करणारी माणसं आणि मोठे संगणक लागतात. अतिनीलचा उपयोग वेगळाच: वास्प-३९बीवरचा सल्फर डायऑक्साइड ताऱ्याच्या प्रकाशाने घडलेल्या रसायनातून बनतो. कोणता रेणू कुठल्या तापमानाला किती अतिनील शोषतो, हे मोजायचं म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने. सरसकट ‘आधी रेषा’ला नाही.