१९५० च्या पॅटर्नमधलं साइजचं कोडं

सुईदोरा: १९५० च्या दशकातला ड्रेसचा पेपर पॅटर्न (कापड कापायचा कागदी नमुना) हाती लागलाय, पाकिटावर साइज १६ आहे पण छातीचं माप आजच्या १६ पेक्षा बरंच कमी दिसतंय, असं कसं? कापड कापायला हात धजत नाहीये.

टीपवेडी: अगं तेव्हाचे नंबर वेगळेच होते, नंबर सोड आणि छातीचं माप बघ. आधी मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवून अंगावर घालून बघ, कंबर आणि टक्स (फिटिंगसाठी घातलेल्या चुण्या) नीट बसतात का ते तिथेच कळतं.

उरेबप्रेमी: घेर उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरक्या) कापाचा असेल तर शिवून दिवसभर हँगरला लटकू दे, मगच खालची घडी घाल, उरेब कापड खाली उतरतं, कुठे जास्त कुठे कमी. आणि झिप हातशिलाईने लाव, वरून नुसते बारीक ठिपके दिसतात, काय देखणं वाटतं!

सुईदोरा: भारी! सोबत क्रोशाची कॉलर आणि कापडाने मढवलेली बटणं करतेच आता.

टीपवेडी: फोटो टाक गं!