कमळगड – जोर – महाबळेश्वर : वाट नेमकी कुठून उतरते? (तातडीने मदत हवी आहे)

वैराटवारा
पुढच्या शनिवारी निघतोय. वाई तालुक्यातला कमळगड बघून कोळेश्वर पठारावरून जोर गावात उतरायचं, मुक्काम करायचा आणि रविवारी जोरहून वर क्षेत्र महाबळेश्वर. नेटवर ज्याचा त्याचा जीपीएस ट्रॅक वेगळा, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. प्रश्न दोनच आहेत. पठारावरून जोरकडे उतरणारी वाट कुठे फुटते? आणि वाटेत पाणी आहे का? नुसतं "वाटाड्या घ्या" लिहून थांबू नका. ज्यांनी ही वाट केली आहे त्यांनीच लिहा, बुधवारपर्यंत ठरवायचं आहे.

घाटवाट
एप्रिलच्या अखेरीला कोळेश्वर? कितीजण आहात? कमळगड कुठून चढणार? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

सोनकी
घाटवाट यांचेच प्रश्न माझेही. शिवाय लहान मुलं किंवा वयस्कर कोणी आहे का बरोबर?

जावळीकर
एवढी यातायात कशाला? सरळ वासोटा करा. बामणोलीतून लाँच घ्या, शिवसागर ओलांडला की कोयना अभयारण्याचं जंगल सुरू. वाट मळलेली आहे, चुकायचा प्रश्नच नाही. वर गेलात की जुना वासोटा आणि बाबूकडा समोर. वनखात्याची परवानगी लागते, प्लास्टिक मोजून आत सोडतात, गडावर मुक्काम करू देत नाहीत. संध्याकाळी परत बामणोलीत. साताऱ्यात यापेक्षा चांगलं रान नाही.

वैराटवारा
वासोटा झालाय. वासोट्याचं विचारलेलंच नाही.
सात जण आहोत. गाडी वासोळ्यात लावून चढणार. बाकी सगळे चालणारे आहेत. वाटेचं कोणी सांगेल का?

घाटवाट
"बाकी सगळे" म्हणजे कोण सोडून बाकी? आणि गाडी वासोळ्यात लावून उतरणार महाबळेश्वरला? वासोळे कोळेश्वरच्या एका अंगाला, वाळकी नदीच्या खोऱ्यात. तुम्ही निघणार दुसऱ्या अंगाला, कृष्णा खोऱ्याच्या डोक्यावर. म्हणजे महाबळेश्वरहून पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि तिथून पुन्हा धोमच्या बाजूने वासोळे. रविवारी महाबळेश्वरचं ट्रॅफिक धरा. गाडीला हात लागेस्तोवर रात्र.

वाटेचं सांगतो. तुपेवाडीवरून चढलात की जंगलातून गोरक्षनाथाच्या मंदिरापाशी येता. पुढे माचीवर धनगरांची वस्ती, तिथून गडमाथा जवळ. माथ्यावर गेरूची विहीर आहे, खाली पायऱ्या उतरतात, आतला लाल गेरू हाताला लागतो. ती बघाच. पण ती पिण्याच्या पाण्याची विहीर नाही, त्या भरवशावर कोणी जाऊ नये. इथपर्यंत कुणीही जाऊ शकतो.

खरा प्रश्न पुढचा. कोळेश्वर म्हणजे मोकळा खडकाळ सडा नव्हे. वर अंजन, जांभूळ, हिरड्याचं दाट रान आहे आणि कारवीत गुरांच्या वाटा इतक्या की माणसाची कुठली ते कळत नाही. "वाट इथे फुटते" असं लिहून दाखवता येईल अशी खूण तिथे नाही. म्हणून नेटवरचे ट्रॅक जुळत नाहीत. कुणी खोटं लिहिलेलं नाही, प्रत्येकजण आपापल्या ढोरवाटेने उतरला आहे.

पायरव
ट्रॅक डाउनलोड करून ऑफलाइन नकाशा ठेवा, पॉवर बँक घ्या, काही होत नाही. वाटाड्याशिवाय फिरण्यातच खरी मजा आहे. मी कायम असाच फिरतो.

घाटवाट
पायरव, तुम्ही हे रान केलंय का? झाडीखाली पन्नास-शंभर फुटांची चूक मोबाइल सहज दाखवतो. कड्याच्या काठावर तेवढी चूक पुरते. सात जणांच्या जिवाचा सल्ला देताना "मी कायम असाच फिरतो" एवढं पुरत नाही.

पायरव
कोळेश्वर नाही, पण रायरेश्वर, केंजळगड सगळं केलंय. धनगर तरी रोज त्या वाटेने जातात का? तेही अंदाजानेच नेतात.

कृष्णाकाठ
मी वाईचा. पायरवराव, धनगर अंदाजाने नेत नाही. त्याची गुरं त्या रानात असतात, त्यामुळं गवे कुठं उतरतात, अस्वलाचा माग कुठं दिसला, मोहोळं कुठल्या कड्याला लागलीत हे त्याला त्या आठवड्याचं ठाऊक असतं. नकाशाला ते कुठनं कळणार? आत्ताच्या दिवसात आग्यामोहोळाचं भ्या मोठं आहे. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा काही नको. आणि बिडी-सिगारेट, चूल अजिबात नको, गवत वाळून कोरडं ठाक झालंय. एक ठिणगी पडली की डोंगर पेटतो.

मिरजमळा
मुलं असतील तर सागरेश्वरला या की. ताकारी स्टेशनपासून जवळ आहे. कुंपण घातलेलं अभयारण्य, सांबर, चितळ, काळवीट दिसतात. खाली जुन्या मंदिरांचा समूह आहे. आमच्या सांगली जिल्ह्यात कोणी बघायलाच येत नाही, सगळे सातारा, महाबळेश्वर करतात. दंडोबाच्या डोंगरावरही छान वाटा आहेत.

इतिहासप्रेमी
कमळगड एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. वाईत आहातच तर मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची घंटा अवश्य बघा. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेल्या घंटांपैकी ती आहे. ढोल्या गणपती तर वाटेवरच.

सोनकी
वैराटवारा, माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. वयस्कर कोणी?

वैराटवारा
वडील. वय ७१. रोज चालतात, बीपीची गोळी चालू आहे, उजवा गुडघा थोडा दुखतो. खरं तर हे सगळं त्यांच्यासाठीच आहे. त्यांचं लहानपण जोरला मामाकडे गेलं. मामाबरोबर जोरहून महाबळेश्वरला चालत जायचे, डोक्यावर ओझं घेऊन. ती वाट एकदा पुन्हा चालायची असं ते गेली कित्येक वर्षं म्हणतायत. मधे आजारपण झालं, मग ते त्याबद्दल बोलायचेच बंद झाले. आता परत बोलायला लागलेत, म्हणून यंदा न्यायचंच. कमळगड मी जोडला, भाऊ आणि त्याची मुलं येतायत म्हणून.

घाटवाट
मग उत्तरच बदललं. तुमच्या वडिलांची वाट जोर ते क्षेत्र महाबळेश्वर आहे. कोळेश्वरचा तिच्याशी काही संबंध नाही. पहिल्या दिवशी त्यांना त्या रानात दमवलंत तर दुसऱ्या दिवशी ज्या चढासाठी आलात तोच राहील. कोळेश्वर या खेपेला काढून टाका.

सोनकी
पूर्ण सहमत. मी नर्स आहे. बीपीची गोळी आणि एप्रिलचं ऊन एकत्र आलं की उठता-बसता चक्कर येऊ शकते. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, गोळ्यांची वेळही विचारून घ्या. माणशी तीन-चार लिटर पाणी, मीठ-साखर बरोबर. सकाळी उजाडताना निघा आणि ऊन चढायच्या आत वर पोचा.

पायरव
उलटं करा ना मग. महाबळेश्वरहून जोरला उतरा. उतार सोपा.

सोनकी
दुखऱ्या गुडघ्याला उतार सोपा नसतो, उलट तिथेच जास्त भार येतो. चढाला दम लागतो, पण थांबून घेता येतं. उतरताना पाय सरकला तर थांबता येत नाही. काठ्या दोन घ्या, एक नव्हे.

पायरव
पण हृदयाला चढ वाईट. त्याचं काय?

सोनकी
म्हणूनच डॉक्टरांना विचारा म्हटलं. त्यांनी चढ नको म्हटलं तर उतरायचंही नाही, जोरपर्यंत गाडीने जायचं. घरी बसून हे ठरवणारे आपण कोण?

कृष्णाकाठ
असं करा. वासोळ्याचा नादच सोडा. गाडी वाईहून धोम, बलकवडी धरणाच्या कडेनं थेट जोरला न्या. रात्री गावातच राहा. मामांचं घर कुठलं ते सांगितलं की वडिलांना ओळखणारं कुणीतरी निघंलच, तोच माणूस वाट दाखवायला घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. जुलै २०२१ च्या पावसात वाई तालुक्यात दरडी कोसळल्या, त्यामुळं वडिलांच्या आठवणीतली वाट सगळीच तशीच असंल असं धरू नका. चालक एक ठेवा, तो गाडी फिरवून वर आणील. खोऱ्यात रेंजचा भरवसा नाही, त्यामुळं भेटायची जागा आणि वेळ आधीच पक्की करा. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळापाशी ठरवा.

जावळीकर
कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाचही नद्या तिथेच. वडिलांना आवडेल. पण वासोटाही...

वैराटवारा
घाटवाट, सोनकीताई, कृष्णाकाठदादा, ठरलं. आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. सावकाश, मधे बसत, उजाडताना निघायचं या अटीवर हो म्हणाले. गाडी मी स्वतः फिरवून वर आणणार होतो, पण वडील म्हणाले तू बरोबर हवास. गाडी भाऊ आणेल, मुलंही त्याच्याबरोबर. कमळगड दिवाळीनंतर आम्ही भाऊ दोघंच करू.
एक राहिलं. भाऊ शुक्रवारी रात्री येऊ शकला नाही तर वाईहून जोरला एसटी मिळते का?

कृष्णाकाठ
गाडी आहे, पण वेळा बदलतात. वाई स्टँडवर चौकशी खिडकीला विचारा, नेटवर बघू नका. शेवटची चुकली तर खासगी जीप बघावी लागंल. वडिलांना मुक्कामाच्या गाडीवर ठेवू नका, दुपारीच पोचवा.

मिरजमळा
जोरमध्ये जेवायची सोय होते का? आम्हालाही जूनआधी एकदा जायचं आहे.

कृष्णाकाठ
आधी सांगितलं तर घरगुती मिळतं, पिठलं-भाकरी. पण जूनआधी म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात या. वळवाचे पाऊस सुरू झाले की ती निसरडी वाट चढू नका.