स्केललेस हेडची जोडी लावावी का? पूर्ण बिनखवल्याच्या बॉल पायथनबद्दल विचारायचं होतं

काजवा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बॉल पायथनची (आफ्रिकेतला छोटा अजगर) एक मादी आहे, स्केललेस हेड, म्हणजे डोक्यावर वरच्या बाजूला खवले जवळजवळ नाहीतच आणि बाकी अंग नेहमीसारखं. चार वर्षांची आहे, १७०० ग्रॅमच्या आसपास, खाणंपिणं उत्तम, कात पण एका तुकड्यात निघते. ओळखीतल्या एकाकडे स्केललेस हेड नर आहे आणि तो मागे लागलाय की यंदा जोडी लावू, पूर्ण स्केललेस पिल्लं निघतील. ती पिल्लं मी फोटोत बघितलीयेत, खवलेच नसल्यामुळे रंग इतका गडद आणि मऊ दिसतो की बघतच राहावंसं वाटतं. पण मग दुसऱ्या क्षणी वाटतं की सापाच्या अंगावरचे खवले म्हणजे काय नुसती शोभा आहे का, ते काढून घेतले तर त्या जीवाचं काय होणार, अंगातलं पाणी उडून जाईल का, कात अडकत राहील का, पोटावर खवले नसतील तर सरकणार कसा?

तर दोन गोष्टी सांगा. अशा जोडीतून नक्की काय निघतं आणि स्केललेस बॉल खरंच नीट जगतो का. आणि तुम्ही माझ्या जागी असता तर जोडी लावली असती का, हेही मोकळेपणाने सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

नीलमोहर

आधी हिशोबाचं बोलू. स्केललेस हेड हे इन्कम्प्लीट डॉमिनंट आहे, म्हणजे जीनची एक प्रत आली की डोक्यावरचे खवले जातात आणि दोन्हीकडून एकेक आली की पूर्ण अंगावरचे. तुमची मादी आणि तो नर दोघांकडे एकेकच प्रत आहे, त्यामुळे प्रत्येक अंड्याला २५ टक्के स्केललेस, ५० टक्के स्केललेस हेड, २५ टक्के नॉर्मल. लोक इथे गडबड करतात, चार अंडी म्हणजे एक स्केललेस नक्की असं धरून चालतात, तसं नसतं, प्रत्येक अंड्याचा हिशोब वेगळा. सहा अंडी धरली तर निदान एक तरी स्केललेस निघण्याची शक्यता साधारण ८२ टक्के, म्हणजे १८ टक्के वेळा एकही नाही.

अजून एक. स्केललेस हेडमध्ये डोकं किती मोकळं दिसेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, काहींचं अख्खं वरचं डोकं गुळगुळीत तर काहींच्या डोळ्यांमागे जेमतेम एक पट्टा. त्यामुळे सगळी पिल्लं नीट उजेडात बघा, पटकन नॉर्मल म्हणून देऊन टाकू नका. आणि उलटंही, पिल्लाच्या अंगावर कुठे दोन खवले जोडलेले किंवा तुटके दिसले म्हणून नवीन म्युटेशन सापडलं असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. अंडी उबताना तापमान वरखाली झालं तरी असं होतं, जुन्या जखमेच्या व्रणानंही होतं. पिल्लांमध्ये उतरलं तरच ते जीन, नाहीतर नाही.

पूर्ण स्केललेस बॉल पहिल्यांदा २०१३ मध्ये अमेरिकेत ब्रायन बार्झिकच्या बीएचबी रेप्टाइल्समध्ये निघाला, म्हणजे ही लाइन तशी तरुणच आहे. अल्बिनोसारखी नव्वदच्या दशकातली नाही. म्हातारपणी हे प्राणी कसे राहतात ते आपण अजून बघतोच आहोत, एवढं डोक्यात ठेवून ठरवा.

मेघना_प

पाण्याच्या भीतीबद्दल लिहिते कारण ते सगळीकडे चुकीचं सांगितलं जातं. १९७२ मध्ये लिश्ट आणि बेनेट या संशोधकांनी जन्मतः बिनखवल्याच्या एका गोफर स्नेकवर (अमेरिकेतला बिनविषारी साप) हेच तपासलं होतं, त्याच्या अंगातून पाणी किती जातं आणि तो तापतो किती वेगाने. खवले असलेल्या सापांपेक्षा फारसा फरक निघाला नाही. कारण पाणी अडवायचं काम खवल्याच्या जाडीचं नाहीच, कातडीच्या आतल्या थरात जी चरबी असते ती अडवते, आणि ती बिनखवल्याच्या सापालाही असते. तेव्हा स्केललेस आहे म्हणून टब वाफेने भरून टाकायची अजिबात गरज नाही, उलट सतत ओलं ठेवलंत तर त्या उघड्या कातडीला बुरशी नाहीतर फोड येतील. बॉलला एरवी लागते तेवढी ६० ते ७० टक्के ह्युमिडिटी बास.

पोटाचं म्हणाल तर तुमचं सरकण्याचं टेन्शन बऱ्यापैकी सुटतं, कारण स्केललेस म्हणतो तरी पोटावरचे रुंद पट्टे बहुतेकदा राहतातच. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापावरचा २०२३ चा मिलिंकोविच या संशोधकाच्या गटाचा पेपर आहे त्यात हे फार सुंदर उलगडलंय. पाठीवरचे आणि कडेचे खवले गर्भाच्या कातडीत एका रासायनिक संकेतामुळे उमटतात, केस आणि पिसं उमटायला लागतो त्याच घराण्यातला, आणि स्केललेस कॉर्नमध्ये त्या साखळीतलं ईडीएआरएडीडी हे जीन बिघडलेलं असतं. पोटाचे पट्टे मात्र फासळ्या ज्यातून बनतात त्याच खंडांच्या मापाने आखले जातात, म्हणून ते टिकतात. बेअर्डेड ड्रॅगन या सरड्यामध्येही याच साखळीतल्या ईडीए जीनमुळे खवले जातात, आणि माणसात तीच साखळी बिघडली की केस विरळ, दात कमी आणि घामाच्या ग्रंथी अपुऱ्या असा आजार होतो. म्हणून मला नेहमी वाटतं की या सापांकडे बघताना "फक्त खवलेच गेलेत" एवढ्यावर थांबू नये, तोंड, ओठ, डोळे सगळं बारकाईने बघावं.

बॉलमध्ये ओठांचं विशेष. वरच्या ओठाच्या खवल्यांमध्ये त्याचे उष्णता ओळखणारे खड्डे असतात, आणि स्केललेस बॉलच्या ओठावर खवलेच नसल्यामुळे ते खड्डे बऱ्याच प्राण्यांत नीट झालेले दिसत नाहीत. अंधारात गरम रक्ताचं भक्ष्य पकडणाऱ्या सापाचं ते एक अख्खं इंद्रिय आहे. माझ्या मते खरा प्रश्न हा आहे, पाण्याचा नाही.

वारूळ

मी स्केललेस नर सांभाळतोय तेव्हा रोजच्यातलं सांगतो. मेघनाताईंनी पाण्याचं सांगितलं ते माझ्याही अनुभवाला जुळतं, माझा नर काही जास्त पाणी पीत नाही की सुकत नाही, पण कातडी मात्र फार जपावी लागते. नॉर्मल बॉल ज्या प्लास्टिकच्या हाइडमध्ये (लपायच्या डब्यात) आयुष्य काढेल त्याच हाइडच्या दाराची कड स्केललेसला घासून लाल करते, म्हणून प्रत्येक हाइडच्या दारावरून, पाण्याच्या भांड्याच्या काठावरून आधी स्वतःचं बोट फिरवून बघायचं आणि टोचलं तर घासून गुळगुळीत करायचं. खाली झाडाच्या सालीचे टोकदार तुकडे नकोत, कागद किंवा अगदी बारीक मऊ कोको (नारळाचा भुसा) बरा, खडबडीत दगड आणि फांद्या विसरा. गरम बाजू ३१ ते ३२ च्या पुढे जाऊ द्यायची नाही आणि हीट मॅटला थर्मोस्टॅट नसेल तर स्केललेस घेऊच नका, भाजलं तर मधे काही अडवायलाच नाही.

आणि जिवंत उंदीर कधीच नाही, कधीच. एक चावा नॉर्मल सापाला महागात पडतो, याला तर थेट मांसात. फ्रोझन उंदीर वितळवून चांगला कोमट करून चिमट्याने द्यायचा. माझ्या नराचा नेम चुकतो, नाकाशी वास गेल्यावर तो हळू येतो आणि बाजूने धरतो, त्यामुळे घाई करायची नाही, चिमटा हलवत बसायचं नाही, समोर स्थिर धरायचा. काही रात्री मी उंदीर तिथेच ठेवून दिवा बंद करून निघून जातो आणि सकाळपर्यंत त्याने खाल्लेला असतो. कात पातळ असते आणि ओली पडते, तुकडेही होतात, ते नॉर्मल समजा, पण डोळ्यांवरची टोपी, म्हणजे डोळा झाकणारा कातेचा पारदर्शक तुकडा, निघाली का हे दर कातेनंतर टॉर्चने बघायचं, आणि राहिली तर नखाने ओढायचं नाही, पुढच्या कातेला ह्युमिड हाइड द्यायची, तरी राहिली तर सापांचा डॉक्टर.

एवढं सगळं करून तो मजेत आहे, वजन धरून आहे, हातावर शांत बसतो. त्याचा जीव जगण्यालायक नाही असं मला तरी कोणी सांगू नये.

सोनकी

वारूळदादा, तुमचा साप मजेत आहे कारण तुम्ही आहात, आणि माझा मुद्दा तोच आहे. बॉल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिनकडच्या गवताळ रानातला, उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात शिरून बसणारा. खरबरीत जागेत अंग घासत शिरणं हा त्याचा स्वभाव आहे आणि आपण असं पिल्लू जन्माला घालायचं की ज्याला फांदी नको, साल नको, दगड नको, म्हणजे त्याला आवडतं ते सगळं काढून घ्यायचं आणि मग तो शांत आहे म्हणायचं. स्पायडर या बॉलच्या रंगप्रकाराच्या वेळीही हेच चाललं होतं, डोकं हलतं पण खातो ना, मग बास. २०२२ मध्ये स्कॅन करून बघितलं तर आतल्या कानाची रचनाच बिघडलेली निघाली. खाणं आणि वजन हे सुखाचं माप नाही.

दुसरं, बॉल किती जगतो याचा विचार जोडी लावताना कोणी करत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या अंदाजे ६२ वर्षांच्या मादीने २०२० मध्ये ७ अंडी घातली. घरातले २५-३० वर्षं सहज जगतात. एवढी वर्षं प्रत्येक मालक कडा घासून देणार आहे का? काजवा, तुमच्या जागी मी असते तर स्केललेस हेड ते स्केललेस हेड कधीच लावलं नसतं. मादीला चांगल्या रक्ताचा, नात्यातला नसलेला क्लाउन किंवा पाइड (हेही बॉलचे रंगप्रकार) नर लावा, अर्धी पिल्लं स्केललेस हेड येतील, दिसायला वेगळी, आणि एकही पूर्ण स्केललेस निघणार नाही. डोक्यावरचे खवले नसलेल्यांना वेगळं काही करावं लागत नाही, तुमची मादी समोरच आहे.

नीलमोहर

सोनकीशी माझं पूर्ण पटत नाही, स्पायडरमध्ये मेंदूला तोल कळत नाही आणि इथे कातडी नाजूक आहे, दोन्ही एका तराजूत नको. पण पिल्लं कुठे जाणार हा प्रश्न मात्र अगदी बरोबर आहे. मी तरी म्हणेन, जेवढी स्केललेस निघतील तेवढी सगळी स्वतःकडे कायमची ठेवायची तयारी असेल तरच लावा.

काजवा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ते ओठातले खड्डे वाचून मी काल रात्री मादीचं तोंड नीट बघितलं, तिचे सगळे शाबूत आहेत, आणि नकळत सुटकेचा श्वास घेतला, तेव्हाच कळलं की मला काय वाटतंय. स्केललेस हेड नराला नाही म्हणून कळवलंय. एक पाइड नर मिळतोय, ७५० ग्रॅमचा, नात्यातला नाही. पण मादीने मागच्या महिन्यापासून खाणं कमी केलंय, अशात लावू की थांबू?

वारूळ

वजन बघ आधी. १५०० च्या वर टिकून असेल आणि पाठीचा कणा वर आलेला नसेल तर जोडीच्या सीझनमध्ये खाणं कमी होतं, घाबरू नको. पण महिन्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरली असेल तर यंदा राहू दे, तोंड आणि श्वास तपासून घे, पुढच्या वर्षी लाव. आणि नर आणलास की निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेव, चिमटे, भांडी सगळं वेगळं, माइट्स (अंगावरचे बारीक किडे) बघ, जमलं तर निडोव्हायरसची (अजगरांच्या श्वसनाच्या आजाराचा विषाणू) टेस्ट करून घे. वजनाचे आकडे इथे टाक, बघून सांगतो.