प्रति: वाढदिवसाच्या पुस्तकासाठी चित्रांचा दर

एका कुटुंबाला मुलीच्या वाढदिवसाच्या पुस्तकाची चित्रं काढून द्यायचीत, तर पानामागे किती घ्यायचे, या तुमच्या प्रश्नावर वर बरंच बोलून झालंय. माझ्या मते दराआधी टप्पे ठरवा. मुलीच्या वाढदिवसाचं २४ पानी पुस्तक आहे, तर आधी सगळ्या पानांची छोटी कच्ची रेखाटनं एकाच कागदावर काढा. मुलीचा चेहरा वेगळा: समोरून, बाजूने, हसताना, रुसताना. तो आईवडिलांनी (आणि आजीने, ती असतेच!) पसंत केल्याशिवाय रंगाला हात लावू नका. कच्च्या चित्रातल्या दुरुस्त्या फुकट, रंगवल्यानंतरच्या पैसे घेऊन.

मधे पिना मारून बांधणी असेल तर पानं ४ च्या पटीत लागतात. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्र पानाच्या कडेबाहेर ३ मिमी वाढवा, आणि चेहरा घडीत येऊ देऊ नका.

हक्कांचं मात्र लेखी हवंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगच्या किंवा पोर्ट्रेटच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा ठरतो. उद्या त्या आईवडिलांनी तेच पुस्तक छापून विकायला काढलं तर काय कराल? 'हक्क चित्रकाराकडे, वापर फक्त घरगुती' एवढं लिहून सही घ्या, मगच आगाऊ रक्कम मागा.