काळ्या मातीच्या प्लॉटवर घर: माती परीक्षणात नेमके काय मागावे?

परभणीजवळ आमचा साधारण दीड हजार चौरस फुटांचा बिनशेती प्लॉट असून त्यावर तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधायचे आहे. जमीन काळी आहे आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. शेजारच्या एका घरात खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरके तडे गेलेले दिसतात. कंत्राटदारांचे म्हणणे असे की मुरूम लागेपर्यंत खणू, परीक्षणावर खर्च कशाला? स्ट्रक्चरल इंजिनिअरांना मात्र अहवाल हवा आहे. एका प्रयोगशाळेने फक्त धारणक्षमता (जमीन किती भार पेलेल ती) काढून देण्याचे दरपत्रक पाठवले आहे. तेवढे पुरेल का?

प्रतिसाद १

पुरणार नाही. काळ्या मातीत घर खचण्यापेक्षा उचलले जाण्याची धास्ती अधिक असते. एक-दोन मजली घराचा भार हलका, आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या मातीचा वर ढकलणारा दाब त्याहून जास्त भरू शकतो. आपण सांगितलेले तिरके तडे बहुधा त्यातलेच असावेत; तरी सांडपाण्याची गळती किंवा भिंतीलगतचे मोठे झाड हेही कारण असू शकते.

म्हणून मुक्त फुगवटा चाचणी लेखी मागा. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली माती १०-१० ग्रॅम घेऊन १०० मिलीच्या दोन मोजनळ्यांत टाकतात. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत केरोसिन. केरोसिनमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी केरोसिनमधील माती १० मिलीवर आणि पाण्यातील १८ मिलीवर असेल, तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांपुढे गेल्यास अबाधित (जमिनीतून जसाच्या तसा काढलेल्या) नमुन्यावर फुगवट्याचा दाबही मोजून घ्या. अॅटरबर्ग मर्यादा (किती ओलाव्याला माती लवचीक किंवा पातळ होते ते), नैसर्गिक ओलावा आणि सल्फेट-क्लोराइडचे प्रमाण हे नेहमीचे आहेच.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. मात्र कंत्राटदारांचे म्हणणेही पूर्ण टाकाऊ नाही. मुरूम दोन-अडीच मीटरवर सलग लागत असेल, तर काळी माती ओलांडून त्यावर फुटिंग (खांबाखालचा पायाचा रुंद ठोकळा) ठेवणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. प्रश्न एवढाच, की तो मुरूम सलग आहे हे कोण सांगणार? आपल्याकडचा बेसाल्ट कुजताना मधले गोटे शाबूत राहतात, आणि बोअर अशा गोट्यावर अडला की 'कठीण खडक लागला' अशी नोंद होऊन जाते. त्यामुळे खडक लागल्यावरही निदान तीन मीटर कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढायला सांगा, आणि कोअरची पेटी स्वतः पाहा: १० सेंटीमीटरहून लांब तुकडे किती निघाले, त्यावरून खडकाची अखंडता काढतात. दोन लाव्हाथरांमध्ये तांबडा मातकट थर असू शकतो, तो पाण्याने मऊ पडतो.

बोअर किती, याबाबत आयएस १८९२ या भारतीय मानकाच्या १९७९ च्या जुन्या आवृत्तीत लहान इमारतीला मध्यभागी एक बोअर किंवा चाचणी खड्डा चालत असे. तरीही एक बोअर आणि तिरप्या कोपऱ्यांत दोन चाचणी खड्डे, असे मी सुचवेन. खड्ड्याच्या भिंतीत माती कोठे संपते आणि मुरूम कोठे सुरू होतो, हे डोळ्यांनी दिसते. प्लॉटवर पूर्वी विहीर किंवा नाला बुजवला होता का, हेही गावातल्या जुन्या माणसांकडून विचारून घ्या.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. मे महिन्यात परीक्षण करून घेतले तर चालेल का? आणि मुरूम फार खोल निघाला तर?

प्रतिसाद १

मे महिन्यात चालेल, पण आकडे जपून वाचा. प्रमाणित भेदन चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकून नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात (पहिले १५ सेंटीमीटर धरत नाहीत). वाळून खडखडीत झालेल्या काळ्या मातीत ठोके भरपूर भरतात, म्हणजे जमीन मजबूत भासते, आणि तीच माती ऑगस्टमध्ये लोण्यासारखी होते. धारणक्षमता भिजलेल्या स्थितीतील मागावी. शिवाय बोअर झाल्यावर २४ तासांनी पाण्याची पातळी मोजून ती तारखेसह नोंदवायला सांगा.

मुरूम खोल निघाल्यास रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, हा रुळलेला मार्ग आहे. त्यांचा फुगीर तळ ऋतूनुसार ओलावा बदलणाऱ्या थराखाली, खोल काळ्या मातीत साधारण ३.५ मीटरच्या खाली जातो. प्लिंथ बीम (भिंतींखालची जोत्याची तुळई) मात्र मातीला टेकवू नये, खाली पोकळी ठेवावी. निवड आपल्या इंजिनिअरांनीच करावी. प्रयोगशाळेला काम देण्यापूर्वी चाचण्यांची यादी त्यांच्याकडून लिहून घ्या आणि दरपत्रक त्या यादीवर मागवा.